पुलापलीकडची बस

गोष्ट नीट कळायची तर आधी नकाशा काढायला हवा. घाबरू नका, सोपा आहे. एक ओढा. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना दोन गावं, आणि दोन्ही गावांना आपापली नगरपालिका. ओढ्यावर एक पूल, दोनशे ऐंशी पावलांचा. ही पावलं मास्तरांनी स्वतः मोजलेली, गुडघा धड होता तेव्हा. मास्तर ज्या गावात राहत ते अलीकडचं गाव आणि समोरचं ते पलीकडचं. पलीकडचे लोकही स्वतःला अलीकडचेच म्हणवत, पण तो त्यांचा प्रश्न.

दोन्ही नगरपालिकांच्या आपापल्या बस होत्या. आपली बस पुलाच्या या टोकाला यायची, धापा टाकत वळायची आणि निघून जायची. ती दिसेनाशी झाली की त्यांची बस त्या टोकाला यायची, वळायची आणि परत जायची. भांडलेल्या जावा स्वयंपाकघरात एकमेकींची वेळ टाळतात ना, अगदी तसं. मधली दोनशे ऐंशी पावलं ज्याची त्याने चालायची. पुलाला पदपथ नव्हता, कारण पूल नेमका कोणाचा हेच ठरलेलं नव्हतं, आणि जो पूल आपला नाही त्याला पदपथ कोण बांधून देणार?

इतकी वर्षं मास्तरांचं याने काही अडलं नव्हतं. अडलं ते नातीमुळे. नात सात वर्षांची, शाळा पलीकडच्या गावात, साडेबाराला सुटायची. लेक आणि जावई दोघं नोकरीवर. दुपारची सांभाळायची सोय म्हणून लेकीने शाळेशेजारचं पाळणाघर बघून ठेवलं होतं. मास्तरांनी हे ऐकलं आणि त्यांना फार लागलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना गणित शिकवलं, आणि आपली नात दुपारी पाळणाघरात जांभया देणार? ते म्हणाले, मी रोज जाऊन तिला घेऊन येतो. लेक म्हणाली, त्या पुलावरून, ट्रकांच्या मधून, तुमच्या गुडघ्याने, पोरीचा हात धरून? मुळीच नाही. रोज भाड्याची गाडी करणं कोणालाच झेपणारं नव्हतं. शेवटी तिने एक अट घातली.

"बाबा, एक तारखेच्या आत बस पुलावरून जायला लागली तर दुपारी नात तुमची. नाहीतर मी पाळणाघराचा फॉर्म भरते."

म्हणजे हातात पाच आठवडे होते. मास्तरांना ते भरपूर वाटले. बसने आणखी दोनशे ऐंशी पावलं जायचं, त्याला लागतं काय? एक अर्ज. त्या भरवशावर त्यांनी मागच्या खोलीतलं जुनं टेबल काढलं, नातीच्या उंचीला यावं म्हणून त्याचे पाय करवतीने कापले, भिंतीला फळा ठोकला आणि रंगीत खडूंची पेटी आणून ठेवली. टेबलाचा एक पाय जरा जास्त कापला गेला. मग तो बरोबर करायला दुसरा कापला, मग तिसरा. शेवटी टेबल झालं पाटाएवढं. मास्तरीणबाई म्हणाल्या, अजून दोन दिवस थांबलात तर ते जमिनीखाली जाईल. मास्तरांनी लक्ष दिलं नाही. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने घरातल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

अर्ज लिहायला बसले तेवढ्यात शेजारचे पोस्टकाका आले. पोस्टकाका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि जगातला कुठलाही प्रश्न योग्य प्रकारे पाठवलेल्या पत्राने सुटतो असा त्यांचा विश्वास. त्यांनी अर्ज वाचला, "विनंती" हा शब्द खोडून "नम्र विनंती" केलं, आणि सांगितलं की हाताने नेऊन देऊ नका, रजिस्टर करा, पोचपावतीसह. मास्तर म्हणाले की कचेरी आपल्या गल्लीच्या टोकाला आहे, इथून तिची पाटी दिसते. पोस्टकाका म्हणाले, म्हणूनच. जवळच्या माणसाची किंमत नसते, लांबून आलेल्या कागदाची असते.

तो कागद गल्लीच्या टोकाला पोहोचायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मास्तर स्वतःच गेले.

नगरपालिकेत परिवहनाचं सगळं बडेबाबूंच्या हातात. अध्यक्ष बदलायचे, पक्ष बदलायचे, पण तीन नंबरच्या खिडकीमागचे बडेबाबू तेच. टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी, यादीवर चहाच्या कपाचं वर्तुळ. त्यांनी मास्तरांना बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे समजावलं की हे होणार नाही.

"मास्तर, आमची बस हद्दीबाहेर गेली की ती आमची राहत नाही."

"मग कोणाची होते?"

"तोच तर प्रश्न आहे."

प्रश्न आहे हे कळल्यावर मास्तरांना बरंच वाटलं. प्रश्न म्हटला की त्याला उत्तर असतं, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत. ते दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून, लेकीला न सांगता, पूल ओलांडून पलीकडच्या नगरपालिकेत गेले. तिथे परिवहन अधिकारी म्हणून जो गृहस्थ बसला होता तो त्यांना बघताच ताडकन उभा राहिला. साहेब उभे राहिले म्हणून हाताखालचे सहा जण उभे राहिले, आणि सगळे उभे आहेत म्हणून रांगेतली माणसंही सरळ झाली. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी निघाला. बेरजेत हातचा धरायचा हमखास विसरायचा, म्हणून वर्गात त्याला सगळे हातच्या म्हणायचे. त्या हातच्याकडे आता एकवीस बसगाड्या होत्या. मास्तरांच्या मनात क्षणभर त्या एकवीस गाड्यांच्या प्रवाशांविषयी काळजी दाटून आली, पण त्यांनी ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

हातच्या म्हणाला, सर, आम्ही एका पायावर तयार आहोत. दोन्ही नगरपालिकांनी मिळून एक बस चालवावी, खर्च वाटून घ्यावा. वरून तर कधीचं पत्रक आलंय की शेजारच्या गावांनी वाहतुकीची आखणी एकत्र करावी, तशी केली तर वरून मदतही मिळेल. फक्त एकच आहे. पहिलं पत्र त्यांच्याकडून यायला हवं.

मास्तर पूल ओलांडून परत बडेबाबूंकडे. बडेबाबू म्हणाले, आम्हीही तयार आहोत. पहिलं पत्र त्यांच्याकडून यायला हवं.

आता हे काही दुष्टपणाने नव्हतं बरं का. ज्याने आधी विचारलं त्याला गरज जास्त, आणि ज्याला गरज जास्त त्याने वाटा जास्त उचलावा, असा हिशेब दोन्ही कचेऱ्यांच्या हाडात मुरलेला. दहा दिवस मास्तर मधल्यामध्ये निरोप पोहोचवत राहिले. गुडघा सुजला. मास्तरीणबाईंनी तेल चोळता चोळता विचारलं की बस आधी सुरू होणार की गुडघा आधी बंद पडणार. पोस्टकाकांनी तोडगा सुचवला: दोन्ही पत्रं एकाच दिवशी, एकाच पेटीत, एकाच क्षणी टाकायची. बडेबाबूंनी तो फेटाळला. पेटीत जे पत्र खाली पडेल ते आधी पडलं असा अर्थ निघतो म्हणाले.

शेवटी बडेबाबूंनीच वाट काढली, आणि ती पाहून मास्तरांनी मनोमन हात जोडले. अलीकडच्या नगरपालिकेने पत्र पाठवलं ते असं: "आपल्या पत्रातील प्रस्तावास अनुसरून कळविण्यात येते की, आम्ही सहमत आहोत." पलीकडच्या नगरपालिकेनेही त्याच दिवशी शब्दशः तेच पाठवलं. दोन्ही कागद फायलीत लागले. दोन उत्तरं जागेवर होती आणि मूळ पत्र एकही नव्हतं. कोणी कोणाला विचारलंच नव्हतं, तरी दोघांनी हो म्हटलं होतं.

झालं, आता सभा. पण कुठे? आपले त्यांच्या कचेरीत जाणार नाहीत, त्यांचे आपल्या कचेरीत येणार नाहीत. ठरलं असं की सभा पुलावर, बसमध्ये. बस त्यांची, डिझेल आपलं. फीत लावून पुलाचा मध्य काढला आणि बस अशी उभी केली की पुढचं दार त्यांच्या हद्दीत आणि मागचं आपल्या हद्दीत. आपले तिघे मागून चढले, त्यांचे तिघे पुढून. अध्यक्ष कोण यावर थोडी ओढाताण झाली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मास्तर ना निवडून आलेले, ना नोकरीवर, ना कोणाच्या मोजणीत, तेव्हा तेच बरे. मास्तर कंडक्टरच्या जागेवर बसले. पद मिळालं याचा आनंद झाला, कारण ऐकून जरा लागलं.

मागे ट्रकांची रांग लागली होती आणि हॉर्न कानठळ्या बसवत होते, त्यामुळे सभा फार मुद्देसूद झाली. खर्च कसा वाटायचा एवढाच प्रश्न. मास्तर याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढला आणि पुढच्या सीटवर दोन ओळी मांडल्या. एक ओळ म्हणजे पुलाच्या या टोकाच्या थांब्यावर चढणारे लोक, दुसरी ओळ म्हणजे त्या टोकाला चढणारे. एक दिवस बस पुलावरून फिरवून बघू, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत, बिनतिकीट, या टोकाकडून त्या टोकाला आणि परत. अलीकडे जितके चढतील तितका वाटा अलीकडच्यांनी उचलायचा, पलीकडे जितके चढतील तितका पलीकडच्यांनी. ज्याची माणसं जास्त, त्याचा भार जास्त. यात ना अपमान, ना उपकार.

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त हातच्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बोटांवर काही मोजलं, आणि मास्तरांकडे बघून पुन्हा मिटलं. मास्तरांनी मनात म्हटलं, अजून हातच्यातच अडकलाय बिचारा. सभा एकोणीस मिनिटांत संपली. बिस्किटं दोन्ही बाजूंनी सारखी खाल्ली.

मोजणी मंगळवारी ठरली. घोटाळा होऊ नये म्हणून आपला माणूस त्यांच्या थांब्यावर मोजणार, त्यांचा आपल्या. आपल्याकडून मास्तर, त्यांच्याकडून स्वतः हातच्या. इतर गाड्या त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने वळवलेल्या. मास्तर सकाळी पावणेसातला पलीकडच्या थांब्यावर घडीची खुर्ची टाकून, पुठ्ठ्यावर कागद लावून, पेन्सिलीला टोक काढून बसले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मुलांना मोजणी अशीच शिकवावी, चुकायला जागा राहत नाही.

साडेसातच्या सुमाराला त्यांनी मान वर केली आणि त्यांना दिसलं की आपल्या गावाकडून पुलावरून माणसं चालत येतायत. एकटी-दुकटी नव्हे, घोळक्याने. न्हावी होता, औषधाच्या दुकानवाला होता, पिठाच्या गिरणीवाला कुटुंबासकट होता. पुलाच्या मध्यावर त्यांना पलीकडच्या गावची तेवढीच माणसं समोरून येताना भेटली. दोन्ही घोळके जरा थबकले. कुठे निघालात? सहज. तुम्ही? आम्हीही सहजच. हवा बरी आहे. हो, हवा बरी आहे. आणि खाली मान घालून एकमेकांना ओलांडून गेले.

मास्तरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. अलीकडची माणसं पलीकडे चालत येऊन पलीकडच्या थांब्यावर चढणार, म्हणजे ती पलीकडच्यांच्या खात्यात जाणार. आणि मग बसने आपल्या घरी परत. गावाचा वाटा कमी व्हावा म्हणून गावाने ही पायपीट काढली होती. पलीकडच्यांनीही नेमकं तेच डोकं चालवलं होतं, कारण बडेबाबू काही एकाच गावात जन्माला येत नाहीत.

पोस्टकाका तीन वेळा चढले. एकदा टोपी घालून, एकदा टोपीशिवाय आणि एकदा चष्मा काढून. तिसऱ्या वेळी त्यांना पायरी दिसली नाही, म्हणून मास्तरांनीच हात देऊन त्यांना वर चढवलं आणि मग खाली बसून त्यांची रेघ ओढली. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं, पण मोजणाऱ्याचं काम मोजण्याचं. चढला तो चढला.

मग साडेदहाला रांगेत मास्तरीणबाई आल्या. हातात पिशवी, डोळे समोर. त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं की जणू हा खुर्चीवरचा मनुष्य त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. मास्तर हळूच म्हणाले, अगं, तू?

"अहो, मोजा ना. मागे माणसं खोळंबलीत."

मास्तरांनी रेघ ओढली. छत्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला त्यांनी आपल्या हाताने परगावची म्हणून मोजलं.

घरी आल्यावर त्यांनी विषय काढला. मास्तरीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. बडेबाबूंनी घरोघर माणूस पाठवला होता, सगळी गल्ली निघाली, मी एकटी मागे राहिले असते तर लोकांनी म्हटलं असतं की मास्तरांच्याच घरात गावाची कळकळ नाही. शिवाय पलीकडे बटणं फार छान मिळाली. बस छान होती, खिडकीतून वारा येत होता, परवा पुन्हा जायला हवं. आता तुम्ही उगाच काथ्याकूट करत बसू नका. सही करा आणि पोरीला घरी आणा.

दुसरी सभा सव्वीस तारखेला, पुन्हा पुलावर, पुन्हा बसमध्ये. त्या दिवशी सह्या झाल्या तर दोन्हीकडच्या महिनाअखेरच्या सभांत ठराव येणार आणि एक तारखेपासून बस सुरू. नाही झाल्या तर सगळं पुढच्या महिन्यावर, आणि पाळणाघराचा फॉर्म लेकीच्या पर्समध्ये तयार होता. मास्तर कंडक्टरच्या जागेवर बसले आणि त्यांनी आकडे वाचले. अलीकडच्या थांब्यावर चढलेले दोनशे बारा, पलीकडच्या थांब्यावर तीनशे अठरा.

बडेबाबूंनी आकडेमोड घरूनच करून आणली होती. दोनास तीन. म्हणजे आपले दोन भाग, त्यांचे तीन. बडेबाबूंचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा चमकत होता, आणि तो आनंद ते खोकल्याने झाकत होते. पलीकडचे लोक गप्प होते. करणार काय? आमची दोनशे माणसं आम्हीच तुमच्याकडे पाठवली होती, हे कसं सांगणार? हातच्या खाली बघत होता. बडेबाबूंनी पेनचं टोपण काढून पेन मास्तरांपुढे धरलं.

मास्तरांनी पेन घेतलं. त्यांना फळा दिसला, पाटाएवढं टेबल दिसलं. सही करायला चार सेकंद लागले असते. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं वह्या तपासल्या, त्याचा हात खोट्या आकड्याखाली जात नाही, हे त्यांचं त्यांनाच त्या क्षणी कळलं, आणि कळून फारसा आनंद झाला नाही.

"हे आकडे उलटे आहेत," मास्तर म्हणाले. "पलीकडे चढलेली ती आपल्या गावची माणसं. त्यात माझी बायको आहे."

बडेबाबूंनी मास्तरांकडे असं पाहिलं की जणू घरचाच माणूस चोराला दाराची कडी काढून देतोय. ते हळू आवाजात म्हणाले की मास्तर, आकडे उलटे केले तर आपले तीन भाग होतील, ते आमची सभा मंजूर करणार नाही, आणि मग बस विसरा. एवढं बोलून त्यांनी पेनला टोपण लावलं, फाईल काखेत मारली आणि मागच्या दाराकडे वळले.

तेव्हा हातच्या उठून उभा राहिला. वर्गात उत्तर द्यायला उभं राहतात तसा, हात मागे बांधून.

तो म्हणाला की आमचीही माणसं उलटीच मोजली गेली, ती मीच पाठवली, माफ करा. पण सर, मला दुसरंच काही विचारायचं आहे. पहिल्या सभेपासून विचारायचं होतं.

"विचार."

"सर, माणूस जातो तो परत येतो ना? रोजच्या बसने अलीकडचा माणूस सकाळी अलीकडे चढेल आणि संध्याकाळी परतताना पलीकडे चढेल. आमचाही तसाच. मग दोन्ही थांब्यांवर चढणारे कायम सारखेच येणार. माणसं कुठल्या गावची आहेत ते यातून कळणारच नाही."

मास्तरांनी हसून त्याची चूक दाखवायला तोंड उघडलं. मग मिटलं. मग कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर एक माणूस काढला. त्याला पुलावरून नेलं, परत आणलं. अलीकडे एक रेघ, पलीकडे एक रेघ. मग दहा माणसं नेली. दहा आणि दहा. कोणाचीही माणसं घ्या, कितीही घ्या, दोन्ही ओळी सारख्या. म्हणजे ते बिस्किटांचं सुंदर, न्याय्य, निर्दोष सूत्र पहिल्या दिवसापासून पोकळ होतं. त्यातून काही मोजलंच जात नव्हतं. पाचशे तीस माणसांनी पूल तुडवला, पोस्टकाकांनी चष्मा काढला, बायकोने नवऱ्याला ओळख दिली नाही, आणि हे सगळं ज्याच्यासाठी, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

"मग पहिल्याच सभेत का नाही बोललास?" मास्तरांनी विचारलं.

"मला वाटलं माझंच चुकत असेल, सर. तुमचं गणित चुकेल कसं?"

हे वाक्य मास्तरांना फार लागलं. चाळीस वर्षं आपण पोरांना गणित शिकवलं, आणि त्यातल्या एकाला तरी आपलं उत्तर बरोबर असूनही गप्प बसायला शिकवलं, हे त्यांच्या लक्षात आलं. कान गरम झाले. पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी होत होतं, आणि ते लपवणं त्यांना कठीण जात होतं. तीस वर्षांपूर्वी ज्याच्या वहीवर आपण लाल शाईने नाकं मुरडली, त्याने आज भर सभेत, कोणाच्या मदतीशिवाय, आपल्या मास्तरांची चूक काढली होती. शिक्षकाला याहून मोठं बक्षीस असतं का? असेल तर मास्तरांना ते माहीत नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी. बस खाली."

हातच्या खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते.

बडेबाबू मागच्या दारात, एक पाय पायरीवर ठेवून उभे होते. त्यांनी सावधपणे विचारलं की म्हणजे नेमकं काय ठरलं? मास्तरांनी सांगितलं, ठरवायला काही उरलेलंच नाही. दोन्ही थांब्यांवर माणसं सारखीच, म्हणून खर्चही निम्मा-निम्मा. कुठल्या गावाची गरज जास्त हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. बडेबाबूंनी या वाक्याची पुढची बाजू तपासली, मागची तपासली, आतून चाचपून पाहिलं. कुठेही हार सापडली नाही. ते परत येऊन बसले. यात आमची माणसं आली गेली त्याचा उल्लेख इतिवृत्तात नसावा, एवढीच त्यांची सूचना होती, आणि तिला समोरच्यांनी मनापासून अनुमोदन दिलं. दोन नगरपालिकांचं एकमत झालेली ती पहिली सूचना. मग सह्या झाल्या. एकाच वेळी, दोन प्रतींवर, दोन पेनांनी, म्हणजे आधी कोणी केली हा प्रश्नच नको.

एक तारखेला बस पुलावरून गेली. पोस्टकाका पहिल्या फेरीत होते, चष्म्यासकट. न्हावी पलीकडच्या न्हाव्याकडे केस कापायला गेला, नुसतं बघायला की तो कसे कापतो. मास्तरीणबाईंनी गल्लीतल्या चौघींना बटणांच्या दुकानात नेलं. आणि साडेबाराला मास्तर शाळेच्या फाटकाशी होते.

नात खिडकीशी बसली, मास्तर शेजारी. बस पुलावर चढली. दुपारचं ऊन ओढ्यावर पडलं होतं आणि नात नाक काचेला लावून खाली बघत होती. पूल संपता संपता ती म्हणाली, आजोबा, हा तर एवढासाच आहे. मग बस आधी का नाही यायची?

दोन नगरपालिका होत्या ना, बाळा, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. त्याला त्यांनी स्वतःच निम्मे गुण दिले असते.

"बाळा, त्यात एक गणित होतं," ते म्हणाले. "ते आजोबांचं चुकलं."

नातीने काचेवरचं नाक काढलं. ती पूर्ण वळून बसली. खाऊ दाखवला असता, गोष्टीचं पुस्तक दाखवलं असतं, तरी तिचा चेहरा एवढा फुलला नसता.

"तुमचं? गणित? किती चुकलं?"

"पूर्णच."

"कोणी पकडलं?"

"एका मुलाने. तो आता मोठा झालाय."

ती खदखदून हसली. तिने मास्तरांच्या मांडीवर दोन्ही हात ठेवले आणि हुकूम सोडला की पहिल्यापासून सांगा, काहीही न गाळता. त्या दुपारी पाढे झाले नाहीत, रंगीत खडूंची पेटी उघडली गेली नाही. दोघं घरी पोहोचली, हातपाय धुतले, पाटाएवढ्या टेबलाशी मांडी घालून बसली आणि मास्तरांनी समोर बिस्किटांच्या दोन ओळी मांडल्या.

"हं," नात म्हणाली. "आता कुठे चुकलात ते मी शोधते."

मास्तरांनी बिस्किटांचा पुडा तिच्यापुढे सरकवला. त्यांना काही घाई नव्हती. सहा वाजेपर्यंत ती त्यांचीच होती.